सिंगापूर झू: तीन लिटर पाणी आणि एक काच

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे हा अभिप्राय किती मनावर घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. वय ५९. माहेर तासगाव तालुक्यातलं, सासर सांगली. झेडपीच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत. पॉलिसिस्टिक किडनी, डॉक्टर पीकेडी म्हणतात. माझ्या किडन्या अजून काम करतायत, म्हणून मला दिवसाला तीन लिटर पाणी, मीठ बेताचं आणि बीपीची गोळी न चुकता, असं सांगितलंय. (हे मला सांगितलंय. तुम्हाला किती पाणी चालतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. किडनी थकलेल्या माणसाला उलट पाणी मोजून मिळतं.) तीन लिटर आत गेलं की ते बाहेरही यायला हवं. त्यामुळे कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाला मी आधी बाथरूमवरून मार्क देते, बाकीचं मग.

या हिशेबानं सिंगापूर झूला दहापैकी दहा. मास्तरीण आहे, दहापैकी दहा द्यायची मला सवय नाही.

पहिल्यांदा गेले २०१९ साली, एका टूर कंपनीबरोबर. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाकीच्या सहलीत त्यांनी पिठलं-भाकरीसुद्धा खाऊ घातली, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागते, जरी ते मला जास्त होतं तरी. पण झूसाठी त्यांनी दिले अडीच तास. सत्तर एकरांची बाग, अडीच तासांत! ओरँगउटानपाशी फोटो, जिराफापाशी फोटो, हत्ती बघा आणि चला बसमध्ये. मी तिसऱ्यांदा बाथरूमकडे वळले तेव्हा टूर मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, पाणी जरा कमी प्या ना!" चाळीसातले निम्मे हसले. उरलेला दिवस मी खरंच घोट घोट प्यायले आणि रात्री हॉटेलवर डोकं धरून बसले. त्या पळापळीत एक काचेची भिंत मी नुसती ओलांडून गेले होते. काचेमागच्या पाण्यात काहीतरी काळं, गोल, चकचकीत हललं, एवढंच आठवत होतं. मोठा मासा असेल म्हणून पुढे गेले.

तो मासा नव्हता हे मला भाचीनं सांगितलं. माझ्या बहिणीची मुलगी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकली. परतल्यावर तिला फोटो दाखवत होते, तर म्हणाली, "मावशी, पिग्मी हिप्पो बघितलास का गं? तुझा आजार त्यांनाही होतो."

मला आधी चेष्टाच वाटली. पीकेडी हा आमच्या घराण्याचा, फार तर माणसांचा आजार, असं मी धरून चालले होते. पाणघोड्याचा आणि माझा काय संबंध? तिनं मग फोनवर एकेक पाठवायला सुरुवात केली, आणि माझ्या डोक्यात ती काच पक्की बसली. मध्ये कोरोना गेला, ह्यांचं बायपास झालं, मुलाचं, निखिलचं, लग्न झालं. काच राहिली ती राहिलीच.

यंदा जानेवारीत योग आला. निखिल सिंगापुरातच, पुंगोलला राहतो, सून मुग्धाला पाचवा महिना, म्हणून महिनाभर मुक्काम होता. आम्ही दोघी दर पाऊण तासानं "आलोच" म्हणायचो आणि निखिल दोन पर्सा, एक छत्री आणि तीन बाटल्या सांभाळत बाहेर उभा. सासू-सुनेचं इतकं एकमत आमच्या घरात पहिल्यांदाच झालं असावं. बाथरूम स्वच्छ, पाट्या स्पष्ट, बहुतेक ठिकाणी झाडंझुडपं आत आलेली. एक सोडून पुढचं लागेपर्यंत जीव टांगणीला लागत नाही. मी बाटली सहा वेळा भरली.

कसं जायचं ते सांगते. एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, खातिब स्टेशनपर्यंत, तिथून झूची शटल बस. झू सकाळी साडेआठला उघडतं, तेव्हाच पोचा. हवा बरी असते आणि गर्दी नसते. अकरानंतर ऊन आणि दमटपणा मिळून असा घाम काढतात की प्यायलेलं अर्धं पाणी तिथेच जातं. पाय भरून आले की आत ट्राम फिरते तिच्यात बसायचं. संध्याकाळी सहाला बंद. तिकीट स्वस्त नाही. ते निखिलनं काढलं आणि मला आकडा सांगितला नाही, यावरून काय ते समजा. खाण्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण बाहेरचं मीठ मला चालत नाही. आम्ही फाटकाबाहेरच्या बाकावर घरच्या दशम्या आणि बिनमिठाची दाण्याची चटणी खाऊन आत गेलो. मुग्धा म्हणाली, "आई, ही चटणी नाही, दाण्याचा कूट आहे." खरं आहे.

झू १९७३ सालचं. आखणी करताना कोलंबोच्या झूचे लिन डी अल्विस यांचा सल्ला घेतला होता. गज जवळजवळ दिसतच नाहीत. आपण आणि प्राणी यांच्यात खंदक, पाणी, झाडी. गज दिसत नाहीत म्हणून प्राणी मोकळा झाला असं काही नाही, पण बघणाऱ्याला ओशाळं वाटत नाही हेही तितकंच खरं.

निखिलला ओरँगउटान बघायचे होते, मुग्धाला जिराफ. मी म्हटलं, तुम्ही जा, मी काचेपाशी बसते. तिथे मी पाऊण तास होते.

पाणघोडा म्हणजे माझ्या डोळ्यापुढे राणीची बाग. लहानपणी शाळेची सहल मुंबईला गेली होती. हिरव्यागार पाण्यात दोन कान आणि दोन नाकपुड्या दिसायच्या आणि बाई म्हणायच्या, "बघा, पाणघोडा!" आम्ही विश्वास ठेवायचो. इथे काचेमुळे सगळा पाणघोडा दिसतो, खालून वर. आणि हा मोठा नव्हेच. हा बुटका पाणघोडा, म्हणजेच भाचीचा पिग्मी हिप्पो, पश्चिम आफ्रिकेचा: लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी, आयव्हरी कोस्ट, तिथल्या जंगलातल्या ओढ्यांकाठचा. वजन साधारण १८० ते २७५ किलो. म्हणजे आपल्या म्हशीच्या निम्मा, आणि मोठ्या पाणघोड्यापुढे अगदीच रेडकू. तो कळपात राहत नाही. दिवसा लपतो, रात्री फिरतो. रानात आता दोन-अडीच हजारच उरलेत म्हणतात.

दिसतो कसा? भरल्या वांग्याला तेल चोपडून ठेवावं तसा. पाण्यात तो पोहत नाही, तळावरून चालतो. पुढचा पाय टाकला की धूळ उडावी तसा गाळ उडतो, मग अंग हलकंच वर तरंगतं, मग पुन्हा पाय टेकतो. चंद्रावर माणूस चालला होता तसं. भोवती मासे घोटाळत होते. कान आणि नाकपुड्या मिटलेल्या. दोन-तीन मिनिटांनी वर जाऊन एक फुस्स, की पुन्हा खाली. माझ्याशेजारी एक तमीळ आजी बसल्या होत्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दर फुस्सला दोघी हसत होतो.

मी त्याच्या पाठीकडे बघत होते, कमरेच्या जरा वर. किडन्या तिथेच कुठेतरी असणार.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते: या झूमधल्या पाणघोड्यांना काही झालंय असं मी अजिबात म्हणत नाही. ते मला माहीत असण्याचं कारण नाही, आणि बघून ते कळतही नाही. या आजाराचा सगळा डाव तोच आहे. दोष जन्मापासून अंगात असतो. गाठी हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतात. किडनीचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत रक्ताची तपासणीही गप्प बसते. जंगली जनावर तर दुखणं दाखवतच नाही. दाखवलं तर रानात जगणार कसं? पाणघोड्याची कातडी जाड, भूल देणं जोखमीचं. काही झूंमध्ये खाण्याचं आमिष दाखवून, गोडीगुलाबीनं, आडवं पडायला शिकवून सोनोग्राफी करतात, पण ती बहुतेक गाभण आहे का ते बघायला. पिंजऱ्यातल्या बुटक्या पाणघोड्यांत हा आजार बऱ्याचदा सापडला तो म्हातारं जनावर मेल्यावर, शवविच्छेदनात. दोन्ही किडन्या फुग्यांनी भरलेल्या. १९१२ ते २०१४ या काळात झूंमध्ये मेलेल्या बुटक्या पाणघोड्यांचा संशोधकांनी एकत्र आढावा घेतला, त्यात प्रौढ जनावरांच्या दुखण्यांत किडनीच्या या गाठींचा ठळक उल्लेख आहे. नात्यातल्या जनावरांत तो दिसतो, म्हणून माणसासारखाच आईबापांपैकी एकाकडून उतरत असावा असा कयास आहे.

आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, कळलं १९९४ला. पोट फुगलं होतं, कंबर दुखायची. गावात म्हणायचे वायुगोळा, मग म्हणाले मुतखडा. मिरजेला सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" "तासगाव." "मग समजावणं सोपं आहे. तुमच्या किडनीचा द्राक्षाचा घड झालाय." आण्णा स्वतः बागाईतदार. त्यांनी शांतपणे विचारलं, "मणी किती मोठे?" पुढे मला कुठेतरी वाचायला मिळालं की माणसातल्या पीकेडीचं मुख्य जनुक सापडलं तेही १९९४लाच. आम्हाला त्या वर्षी एवढंच कळलं की आत्या चव्वेचाळीसाव्या वर्षी अंगाला सूज येऊन गेली ती कशानं, आणि आजोबा "अचानक" गेले ते कशानं.

पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. घरात बैठक झाली आणि थोरल्या काकांनी सांगितलं, हे बाहेर बोलायचं नाही. पोरींची स्थळं मोडतील. माझं लग्न आधीच झालं होतं, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळवून. बहिणीचे तीस जुळले. नाडी बघितली, मंगळ बघितला, गोत्र बघितलं. किडनीचं खातं पत्रिकेत नव्हतं. मला स्वतःला कळलं ते एक्केचाळीसाव्या वर्षी, पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली तेव्हा. तोवर निखिल चौदा वर्षांचा होता.

म्हणून भाचीनं सांगितलेली एक गोष्ट मला पाणघोड्यापेक्षाही आवडली. जगभरातल्या झूंमधल्या बुटक्या पाणघोड्यांची एक वही आहे. ती स्वित्झर्लंडमधलं बाझलचं झू ठेवतं. कोण कुठे जन्मला, आई कोण, बाप कोण, कुठल्या झूतून कुठे गेला, कधी मेला, सगळं त्यात लिहिलेलं. कुणाची जोडी कुणाशी लावायची ते ही वही उघडून ठरवतात. म्हणजे स्थळं बघणंच की! फक्त इथे वधूपक्ष काही लपवत नाही. एखादी म्हातारी पाणघोडी मेली आणि तिच्या किडनीत गाठी निघाल्या, तर तिच्या लेकी आणि नाती कुठे आहेत ते या वहीतून काढता येतं. भाची म्हणाली, "मावशी, त्यांचं पण तसं सोपं नसतं गं. गाठी कळेपर्यंत तिला पाच-सात पिल्लं झालेली असतात." हो, तेही आलंच. पण नाव लिहिलेलं असतं ना!

ही वही का लागते, तर पिंजऱ्यातली जनावरं मुळात थोड्याच पूर्वजांपासून वाढलेली. १९२७ साली टायरवाले हार्वी फायरस्टोन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना लायबेरियातून आणलेला एक बुटका पाणघोडा भेट दिला. कुणी शाल-श्रीफळ देतं, कुणी पाणघोडा. त्याचं नाव बिली. कूलिजनी तो वॉशिंग्टनच्या झूला दिला, आणि आज अमेरिकेतल्या झूंमधले बरेचसे बुटके पाणघोडे या बिलीचे वंशज आहेत. बिलीला काही आजार होता असं नाही. पण द्राक्षवाल्याच्या लेकीला हे समजायला वेळ लागत नाही. बाग लावताना काडी कुठल्या बागेतली, हे आण्णा दहा वेळा विचारायचे. एका वेलीच्या काड्यांवर अख्खा शिवार उभा राहतो. त्या वेलीत काही असलं तर ते शिवारभर जातं, आणि दिसतं ते बाग धरल्यावर. काडीची एवढी चौकशी करणारा माणूस लेकींच्या बाबतीत मात्र काकांच्या शब्दापुढे गप्प राहिला. असो.

मांजरांचं बरं आहे. पर्शियन मांजरांत हाच आजार पसरलेला, आणि दोष त्याच जनुकात, जिथे माणसांत बहुतेकांचा असतो. २००४ला तो नेमका सापडला. आता पिल्लाच्या गालातून बोळा फिरवला की कळतं. ज्यांना ब्रीडिंग करायचंय त्यांनी तेवढं करून घ्यावं. सांगलीतसुद्धा लोक हल्ली हजारो रुपये मोजून पर्शियन आणतात आणि रंग सोडून काही विचारत नाहीत.

मुग्धाच्या आईवडिलांना मी निखिलच्या लग्नाआधी स्वतः जाऊन सांगितलं होतं. असा असा आजार आहे, मला आहे, मुलाला असण्याची शक्यता निम्मी, त्यानं तपासलेलं नाही. ह्यांनी वाटेत तीनदा विचारलं, सांगायलाच हवं का? मुग्धाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मुलाची जन्मवेळ नक्की सकाळचीच ना?"

निखिल आज बत्तीसचा आहे. त्यानं अजून सोनोग्राफी केलेली नाही. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणत नाही. कळून काय करणार, हा त्याचा प्रश्न, आणि मी त्याला वेडगळ म्हणत नाही. कळल्यावर मी स्वतः सहा महिने झोपले नव्हते. आता औषधं आहेत, बीपी लवकर धरता येतं, हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तर ते दोघं जिराफ बघून काचेपाशी आले. मुग्धा माझ्या शेजारी टेकली. पाणघोडा तेव्हा काचेच्या अगदी जवळून, आम्हाला पोट दाखवत चालला होता. निखिल पर्सा खांद्यावर घेऊन उभाच. बराच वेळ बघून म्हणाला, "यांच्यात कुणाला आहे?"

मी म्हटलं, "काय माहीत. बघून नाही कळत."

तो काही बोलला नाही. मुग्धानं माझी बाटली घेतली, भरायला गेली.

कुणाला वेळ कमी असेल तर माझं ऐका. ट्राममध्ये बसून सगळं बघितल्याचं समाधान घेण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणं निवडा आणि बसा. काचेपाशी जायचं तर सकाळीच. दुपारी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा साहेब पाण्याबाहेर येऊन आमच्याकडे पाठ करून घोरत होते आणि पोरं काचेवर थापा मारत होती. काचेवर थापा मारू नका, एवढं तरी पोरांना शिकवून न्या. टूरबरोबर जाणार असाल तर झूला किती तास आहेत ते पैसे भरायच्या आधी विचारा, आणि पाणी कमी प्या असं कुणी म्हणालं तर त्याच्या तोंडावर बाटली उघडा.

चारला निघालो. शटलच्या रांगेत पुढे एक शाळेची सहल होती, म्हणून पहिली बस गेली. मुग्धा कठड्याला टेकून चपला काढून उभी होती. निखिलनं फोन खिशात ठेवला आणि मला विचारलं, "आई, सोनोग्राफीला उपाशीपोटी जावं लागतं का गं?"

"किडनीची असेल तर पाणी पिऊन जायचं," मी म्हटलं. "आणि बोलावेपर्यंत धरून ठेवायचं."

"तुला जमतं?"

"मला कुठलं जमायला."

तेवढ्यात बस आली. बसायला जागाही मिळाली, तिघांना.